मंजुळाअक्काचं नाव

संवत्सरी पार पडली. सुरेशचंदनं धुळ्याच्या उपाश्रयात बसून चौऱ्यांशी लाख जीवयोनींची क्षमा मागितली. पाण्यातल्या जिवाची मागितली, डाळीतल्या किड्याची मागितली. असोद्याच्या मंजुळाअक्काची मात्र यंदाही राहिली.

त्याची जळगावची डाळमिल बुडाली तेव्हा तो बायको लाडकुंवरला घेऊन धुळ्याला आला. दोघांनी पापड-खाकऱ्याचं लहानसं दुकान थाटलं. ती लाटी, तो विकी; दिवस हलके जात, संध्याकाळ गोड होई. जुनी देणी तेवढी उंबऱ्यावरून हलत नव्हती. शेवटी वकील म्हणाले, "नादारीचा अर्ज करा. आहे ते कोर्ट सगळ्यांत वाटून देईल, पुढं तुम्ही मोकळे. पण एकही घेणेकरी लपवायचा नाही. प्रत्येकाला नोटीस जाणार."

तिथंच गाडं अडलं. व्यापाऱ्यांना नोटीस गेली तर जाऊ दे. पण अक्कानं आपल्या शेतातली तूर मिलला घातली ती नुसत्या त्याच्या शब्दावर, आणि तिचे पैसे बुडाले. तिच्या दारात कोर्टाचा माणूस कसा धाडायचा? आणि नाव गाळलं तर अर्ज खोटा.

"मग अर्जच नको," तो बायकोला म्हणाला.

"आणि जन्मभर फोन वाजला की दचकायचं?" लाडकुंवरनं लाटणं थांबवलं. "अहो, किड्यामुंग्यांची क्षमा मागता, ते काय भांडायला येणारेत? जिच्यापुढं उभं राहायला तोंड नाही, तिच्याकडे जा. संवत्सरी कशासाठी असते?"

दुसऱ्या दिवशी तो असोद्याला उतरला. अक्का ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोन, शेठ का? मले वाटलं, परदेशात गेले."

"धुळ्याला असतो, अक्का."

"मंग परदेशच."

त्यानं हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम, अक्का. तुमचं मन दुखावलं, क्षमा करा." मग अर्जाचं सगळं सांगितलं. "तुम्हाला कोर्टकचेरी नको, म्हणून अर्जच करत नाही."

"अर्ज केला तं बाकीच्याइले भेटीन काही?"

"थोडंथोडं."

"आन् मले?"

"नाव घातलं तर तुम्हालाही."

"मंग घाला ना. त्याइची तूर व्हती, आन् माही काय माती व्हती?"

"दारात नोटीस येईल. लोक बोलतील."

"बोलू द्या. माह्या नावानं लाईटबिलाबिगर कागद आला नही आजलोक. येऊ द्या एखांदा."

सुरेशचंदला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. छातीवरचं ओझं कुणीतरी अलगद उतरवून ओट्यावर ठेवावं, तसं त्याला झालं.

"रागावल्या होत्या, अक्का?"

"रागावली ना. पैसे बुडाले म्हून रागावली, आन् तोंड लपवलं म्हून जास्त रागावली." तिनं एक शेंग फोडली. "निम्मं आज माफ. निम्मं, कोर्ट काय देते ते पाहून."

त्यानं तिथूनच वकिलाला फोन लावला. "अर्ज करायचा. आणखी एक नाव घ्या. मंजुळाबाई रुपचंद भोळे, असोदा."

"वर लिवा म्हना," अक्का मधेच म्हणाली. "शेवटाले आलं तं वाटनीत काही उरत नही."

सुरेशचंदनं तिचं नाव सगळ्यांत आधी घालायला सांगितलं, आणि फोन ठेवून सुपाजवळ मांडी घालून शेंगा सोलायला बसला.