ताईची हनुवटी

मित्रांनो, मी एक जुनी माती आहे. पुतळे घडवायची माती. एका शिल्पकार बाईंच्या खोलीत, पत्र्याच्या टबात माझा मुक्काम असतो. बाई माझ्यातून चेहरा घडवतात, त्यावर प्लास्टरचा साचा घेतात आणि मला खरवडून परत टबात टाकतात. किती साहेब, किती शेठ मी होऊन गेले, मोजदाद नाही!

पहिला चेहरा मात्र विसरता येत नाही. बाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांची ताई तापात गेली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. बाईंनी आठवून आठवून माझ्यातून ताई घडवली. त्यांच्या आईंना ते बघवेना. "झाक ते," एवढंच म्हणाल्या. रागाच्या भरात बाईंनी साचा न घेताच मला मोडून टाकलं.

तेव्हापासून ताईची हनुवटी माझ्यातून जाईना. पुतळा कुणाचाही असो, हनुवटीवर तिचीच खळी. "आमच्या बाबांना ही खळी कुठून आणलीत?" असं एका कारखानदाराचा मुलगा वैतागून विचारू लागला. बाई खळी बुजवायच्या, सकाळी पुन्हा हजर. खरं सांगू? ती मी आणत होते की त्यांची बोटं, मलाही कळत नसे. बाईंचे वडील दगडाचे कारागीर. त्यांच्या सांगण्यावरून बाईंनी मला सोडून दगड धरला. दगडात खळी कधीच आली नाही. दोन वर्षांनी बाई मुकाट्याने टबापाशी परतल्या.

मग साहेबांची कामं सोडून त्यांनी फक्त ताई घडवायला घेतली. या वेळी ती हुबेहूब जमली. पण साचा घेतला की मी मोडणार, म्हणून बाईंचा हात धजेना. रोज ओलं फडकं गुंडाळून त्या दिवस ढकलत राहिल्या.

अशात त्या आजारी पडून दवाखान्यात गेल्या. फडकं वाळलं, माझ्या गालाला तडा गेला. मला फार भीती वाटली. आठव्या दिवशी आई आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी फडकं काढलं आणि बघतच राहिल्या. "किती मळलीस गं," म्हणाल्या, आणि पाणी घेऊन माझं तोंड खसाखसा धुऊ लागल्या. नाक गेलं, गाल गेले. उरली ती हनुवटी आणि आईंच्या बोटांच्या रेघा.

बाई घरी आल्या, तेव्हा आई म्हणाल्या, "तोंड धुतलं तिचं."

बाई रागावल्या नाहीत. काहीही दुरुस्त न करता त्यांनी त्याच दिवशी साचा घेतला.

आता फळीवर त्या साच्यातून काढलेली पांढरी ताई आहे, आणि मी परत टबात. येणारेजाणारे तिचं कौतुक करतात. टबाकडे कोण बघतो? मित्रांनो, ज्यातून काही घडलं, ते कोरडं पडू देऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.

आई रोज येतात. फळीकडे बघत नाहीत. माझ्यावरचं फडकं ओलं करतात आणि वाकून हळूच विचारतात, "आहेस ना गं?"