भित्रा जॅक

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. दहा टन उचलणाऱ्याने असं बोलू नये म्हणतात. पण खोटं कशाला बोलू?

ट्रॅक्टर दुरुस्त करायच्या एका गॅरेजमध्ये माझं आयुष्य गेलं. माझी उंची जेमतेम वीतभर. पोटात तेल, तेलावर एक दट्ट्या, आणि दट्ट्याभोवती रबराची एक कडी. कोणी माझा दांडा वर-खाली केला की तेल दट्ट्याला ढकलतं आणि दट्ट्या ट्रॅक्टरला ढकलतो. काम तसं साधं आहे. पण सगळी मदार त्या रबराच्या कडीवर असते, आणि ती कडी बाहेरून कोणालाच दिसत नाही.

कारखान्यात माझ्यावर वजन ठेवून माझी परीक्षा घेतली गेली. मी पास झालो, तेव्हा माझ्या पाठीवर पत्र्याची एक पट्टी ठोकली. तिच्यावर लिहिलं होतं की हा जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. उचललेलं धरून ठेवायला घोडी लावा. घोडी म्हणजे तीन पायांचा लोखंडी टेकू. तिच्यात ना तेल, ना रबर, त्यामुळे ती दगा देत नाही. माझ्याबरोबर अशा दोन घोड्या गॅरेजमध्ये आल्या. पहिल्याच वर्षी माझ्या पट्टीवर ग्रीसचा थर चढला. तो पुसून कोणी ती वाचली नाही.

गॅरेजचे मालक म्हणजे मिस्त्री. माणूस फार शिस्तीचा. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ कोणी हात नेला की ते अंगावर येत. सैल बाहीचा सदरा घालून कोणी आलं तर त्याला दारातूनच घरी पाठवत. घासायच्या मशीनपुढे चष्म्याशिवाय उभं राहायची कोणाची छाती होत नसे. अशा माणसाची एकच गोष्ट चुकली, आणि ती माझ्या बाबतीत चुकली. मी नवा होतो, दणकट होतो, तासन्‌तास तसूभरही न खचता उभा राहत असे. त्यामुळे गिऱ्हाइकांसमोर ते माझ्या डोक्यावर थाप मारून सांगत, हा असताना घोडीची गरजच नाही. मग नुसत्या माझ्या भरवशावर ट्रॅक्टरखाली शिरत आणि काम करून, हसत बाहेर येत.

लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढलो, खोटं कशाला सांगू! त्या वर्षांत मला भीती ठाऊकच नव्हती.

घोड्यांना मग काम उरलं नाही. एके दिवशी मिस्त्रींनी त्यांच्यावर एक फळी टाकली आणि गिऱ्हाइकांना बसायला झकास बाक तयार झाला. बाक इतका सोयीचा निघाला की घोड्या घोड्या आहेत हेच सगळे विसरले. क्वचित कोणाला गरज वाटली, तरी बाकावर कोणीतरी बसलेलं असायचं. गिऱ्हाइकाला उठवायचं कसं? ते बरं दिसत नाही. राहू दे मग.

वर्षं गेली. मिस्त्रींचे गुडघे गेले आणि काम मुलाच्या हाती आलं. त्याला सगळे घाईमास्तर म्हणतात. कुठलंही काम विचारा, 'दोन मिनिटं' हेच उत्तर. हात मात्र बापासारखाच तयार. त्याची बायको, म्हणजे मिस्त्रींची सूनबाई, वेल्डिंग करते. ती रोज सकाळी फरशीवरचं तेल पुसून वर लाकडाचा कोरडा भुसा पसरते, कोणाचा पाय घसरू नये म्हणून. घाईमास्तर तिला चिडवायचा, की हिचं वेल्डिंग कमी आणि झाडलोटच जास्त. ती ऐकून घ्यायची आणि भुसा पसरायची.

माझीही कडी तोवर म्हातारी झाली होती. आधी एखादा थेंब यायचा. मग दिवसाला चार. वजन डोक्यावर आलं की पोटात काहीतरी सुटतंय असं वाटायचं. मी केसभर खचायचो आणि माझ्या जिवाचा थरकाप व्हायचा, कारण माझ्या शेजारी जमिनीवर घाईमास्तरचं डोकं असायचं. मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा. मनातल्या मनात मी म्हणायचो, बाबा रे, लवकर निघ. ते त्याला कसं ऐकू जाणार? तो बाहेर पडेपर्यंत मी जीव मुठीत धरून उभा राहायचो. रात्री मला मांडणीवर ठेवलं तरी ती धडधड जायची नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. भर दुपार होती. एका काकांचा ट्रॅक्टर ब्रेकच्या कामाला आला होता. घाईमास्तरने मला मागच्या चाकांच्या आसाखाली लावलं, ट्रॅक्टर उचलला आणि मोठं चाक काढून भिंतीला टेकवलं. काका फळीच्या बाकावर चहा पीत बसले होते. म्हणजे त्यांच्याच ट्रॅक्टरखाली जायला हवी होती ती घोडी काकांच्या बुडाखाली होती. घाईमास्तरने एकदा बाकाकडे पाहिलं खरं. पण काकांचा चहा अर्धा उरला होता. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून तो गोणपाट अंथरून खाली सरकला.

आणि माझी कडी फाटली.

एकदम नाही. आधी एक चीर गेली. तेल माझ्या पायाशी उतरायला लागलं आणि ट्रॅक्टर इतका हळू खाली येऊ लागला की कोणाच्या डोळ्यांना ते कळू नये. मला मात्र कळत होतं. घाईमास्तरची छाती आणि लोखंड यांच्यात दीड वीत अंतर होतं. मग सव्वा वीत झालं. माझी तर बोबडीच वळली. मला ओरडायचं होतं, पण जॅकला कुठे तोंड असतं? माझ्याकडे होतं ते फक्त तेल, आणि ते भुशावर सांडत होतं.

रोजच्या काळ्या फरशीवर ते कोणाला दिसलं नसतं. पण त्या सकाळी सूनबाईने नवा भुसा टाकला होता. ती वेल्डिंगचा मुखवटा वर करून पाणी प्यायला वळली आणि तिला पांढऱ्या भुशावर ओला डाग पसरताना दिसला. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"बाहेर या," ती म्हणाली. "आधी बाहेर या."

खालून उत्तर आलं, "दोन मिनिटं."

"जॅक गळतोय."

मग तो हलला, आणि तिथेच थांबला. त्याने बाही दुमडली नव्हती, ती ब्रेकच्या दांड्याच्या खिळीत अडकून पिळली गेली होती. बाही अडकलीय, असं त्याने सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजातली सगळी घाई गेली होती. बाहेर खुर्चीवर बसलेल्या मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. उठायला गेले, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही.

सूनबाई ट्रॅक्टरखाली वाकली नाही. नवऱ्याचा हात धरून ओढायलाही गेली नाही. तिने आधी बाक गाठला.

"काका, उठा. आत्ता."

काकांना काही कळेना. त्यांना आजवर या दुकानात कोणी उठवलं नव्हतं. ते कप कुठे ठेवावा ते बघू लागले. तिने त्यांना दंडाला धरून उभं केलं, फळी ढकलून दिली, कप फुटला, चहा काकांच्या धोतरावर गेला. एक घोडी तिने दोन्ही हातांनी फरफटत आणली आणि बाहेरूनच पायाने आसाखाली सारली. मी तेव्हा उरलंसुरलं तेल पोटात दाबून धरत होतो. धरलं म्हणतो, पण मित्रांनो, फाटक्या रबराने काय धरणार? घोडी जागेवर बसली आणि त्याच क्षणी मी पार खाली बसलो. दाणकन आवाज झाला. ट्रॅक्टर घोडीवर टेकला आणि तिथेच राहिला.

घाईमास्तरच्या छातीवर चार बोटं जागा उरली होती.

सूनबाईने कात्री जमिनीवरून आत सरकवली. बाही कापून तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून बसला. मग रागाने, रडत, ती त्याला बोलायला लागली, की घोडी समोर असून नुसत्या जॅकवर खाली जायचं कोणी शिकवलं तुम्हाला?

मिस्त्री भिंत धरत धरत आत आले होते. तेच मध्ये बोलले.

"त्याला बोलू नकोस. मी शिकवलं त्याला. मी दर वेळी सुखरूप बाहेर येत गेलो ना, म्हणून त्याला ते खरं वाटलं."

एवढं बोलून ते माझ्याजवळ खाली बसले. त्यांनी रुमालाने माझ्या पाठीवरचं ग्रीस पुसलं, पट्टी वाचली आणि म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. मला वाटलं होतं, मला भंगारात टाकतील. टाकलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

मला टाकलं नाही. नवी कडी बसवली, तेल बदललं. गिऱ्हाइकांसाठी चार खुर्च्या आल्या. आता आम्ही तिघं एकत्रच बाहेर पडतो, मी आणि दोन घोड्या. कडी नवी आहे म्हणून माझी भीती गेली असं समजू नका. मित्रांनो, माझी स्तुती करणाऱ्यांनी एक माणूस जवळजवळ घालवला होता, म्हणून मला शाबासकी नको. डोक्यावर वजन आलं की मी आजही घाबरतो. खाली घोडी सरकेपर्यंत घाबरतो. तेवढा वेळ तुम्हीही माझ्याबरोबर घाबरा, आणि बाहेर थांबा.