काटे मागे फिरवणारा हात

मित्रांनो, मी एक जुनं, टोल देणारं भिंतीवरचं घड्याळ आहे, आणि स्वभावाने पक्कं भित्रं आहे. नुसतं कोणी स्टूल सरकवलं तरी माझी टिकटिक चुकते. माझी सुरुवात मात्र धीटपणात झाली. ज्या कारागिराने माझी चाकं जुळवली, तो मला कानाशी धरून म्हणाला होता, "हे कधी खोटं बोलायचं नाही." मला ते खरंच वाटलं.

बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला विकत घेतलं आणि दुकानात दाराच्या समोर टांगलं. माझे नऊ टोल पडले की त्याची फळी उघडायची. "घड्याळ असावं तर असं!" असं गिऱ्हाइकं म्हणत. मी फुशारून जायचो.

म्हातारा गेला आणि दुकान मुलाकडे आलं. मुलाच्या हातात बापापेक्षा जास्त कला होती. फाटलेली चेन तो अशी बसवायचा की शिवण शोधून सापडू नये. पण काम अर्धवट टाकून स्वारी गल्लीपलीकडच्या कॅरमवर. कोणी विचारलं की एकच उत्तर, "झालंच!" म्हणून लोक त्याला झालंचशेठच म्हणू लागले.

तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते. ठरल्या वेळी बॅग न्यायला येणारं, मनगटावर घड्याळ नसलेलं गिऱ्हाईक गल्लीत दिसलं की हा स्टुलावर चढायचा आणि माझे काटे मागे फिरवायचा. "अहो, साडेपाच कुठे वाजलेत? बसा, झालंच!" गिऱ्हाईक गेलं की काटे पुन्हा जागेवर. त्याला यात गंमत वाटे. मला भीती वाटे, कारण वरच्या खोलीत त्याची आई राहायची. तिचा एक डोळा पूर्वीच गेलेला, दुसऱ्यात दाब वाढलेला. तिला माझे काटे दिसत नसत. माझे टोल मोजून ती दिवस ढकलायची.

तिच्या डोळ्याचे डॉक्टर महिन्यातून एकदाच शेजारच्या गावी येत आणि दोनला निघून जात. "या खेपेला शस्त्रक्रिया चुकवू नका," असं त्यांनी बजावलं होतं. गाडी साडेअकराची होती. त्यानंतरची पोहोचेपर्यंत तीन वाजत.

जायच्या आदल्या संध्याकाळी झालंचशेठने मला चाळीस मिनिटं मागे नेलं. तेवढ्यात पलीकडून कॅरमची हाक आली, आणि मला तसंच ठेवून तो पळाला.

ती सकाळ आठवली की अजून माझा लंबक अडखळतो. आई पहाटेच तयार होऊन खाली खुर्चीवर बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मी दहा टोल दिले. खरे वाजले होते दहा चाळीस.

"दहा झाले ना रे? निघायचं का?"

"आत्ताशी कुठे दहा, आई! एक डाव टाकून येतो."

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण घड्याळाला टोलांखेरीज तोंड नसतं, आणि माझे टोलच तिचा घात करत होते. पुढची साठ मिनिटं मी जिवाच्या भीतीने चाललो. अकराचे टोल द्यावे लागू नयेत, मध्येच स्प्रिंग तुटावी, असं वाटत होतं. स्प्रिंग तुटली नाही.

अकराचे टोल ऐकून तो हसत परतला. "बघ, आलो की नाही वेळेवर?" तेव्हा गाडी सुटून दहा मिनिटं झाली होती.

पुढच्या गाडीने जाऊन, डॉक्टर न भेटताच संध्याकाळी दोघं परत आली. समोरच्या इस्त्रीवालीने विचारलं, "काय हो, झाली का शस्त्रक्रिया?"

"कसली होतेय? या घड्याळाने घात केला!" असं म्हणत त्याने स्टूल ओढलं आणि मला खिळ्यावरून उतरवलं. आता भंगारात, मी समजून चुकलो.

आई चाचपडत पुढे आली. "बिघडलंय का रे ते? मग तुझा तरी काय दोष!"

तिने त्याला आयती पळवाट दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने मला पुन्हा खिळ्यावर टांगलं.

"नाही आई," तो म्हणाला. "घड्याळ चांगलं आहे. काटे मीच मागे नेले होते. आणि काटे ठीक असते तरी मी कॅरमवरच असतो."

ती म्हणाली, "डॉक्टर यायला महिना आहे. तोवर रोज माझ्यासमोर बसून काम कर. दिसतंय तोवर तुझं तोंड बघून घेते."

तो बसला. महिनाभर, रोज. पुढच्या खेपेला शस्त्रक्रिया झाली, पण तोवर नजर गेलेली होती.

मित्रांनो, मला किल्ली द्या, पुसा, तेल घाला. एवढं कराल तर मी वेळ बरोबर दाखवीन. तो घालवायचा कसा, हे मात्र माझ्या हातात नाही. उशीर झाला तर माझ्याकडे बोट दाखवू नका. त्या बाईने पोराला पुन्हा कधीच पाहिलं नाही.