दोन गाठींचा दोरा

त्या दिवशी माघाचं आभाळ आलं होतं. ऊन नाही, पाऊस नाही. वारा असा पडलेला, की ज्वारीचं पान हलत नव्हतं. मी अंबाडीचा दोरा बोलतोय, बरं का. लांबीला वीतभर, आणि अंगावर दोन गाठी.

माझा जन्म राणीसावरगावच्या ओढ्यातला. अंबाडीच्या काड्या तिथं भिजत घातल्या, मग मुंजाजीबानं त्यांचा वाख सोलून मांडीवर वळला. मोठ्या दोराचं जे शेपूट उरलं, तो मी. मुंजाजीबा शाळेत गेला नव्हता. मी तरी कुठं गेलो होतो! आमच्याकडं बैलाचा पट्टा करायचा असो की लेकीच्या बांगड्या आणायच्या असोत, दोऱ्यानं माप घ्यायचं, गाठ मारायची आणि दोराच बाजाराला धाडायचा. माझ्या वाट्याला मात्र कागद आला.

तो कागद वंशावळीचा. वर मुंजाजीबाच्या वडिलांचं नाव. खाली दोन भाऊ, डावीकडं थोरला लिंबाजी, उजवीकडं मुंजाजी. लिंबाजीखाली त्याची दोन पोरं, एकाखाली एक. शेवटच्या ओळीत मुंजाजीखाली एकटी मनकर्णा, नवरा वारल्यावर माहेरी आलेली लेक. ओढ्याकाठचं रान आपल्यामागं तिला मिळावं, एवढीच म्हाताऱ्याची फिकर.

कागद गंगाखेडच्या कंप्युटरवर झाला, पण शाई फिकट. शेजारच्या बन्सीधरानं एकेक नाव वाचलं, तसं मुंजाजीबानं मला कागदाच्या कडेपासून आडवं धरून गाठी मारल्या. पहिली लिंबाजीची. दुसरी स्वतःची, आणि तिच्याच सरळ खाली लेक. बापलेकीला एकच गाठ पुरली.

तलाठ्यानं तो फिकट कागद ठेवून घेतला. म्हणाला, "ठळक करून आणा." तोवर गंगाखेडचं छापायचं यंत्र बंद पडलेलं. तिथल्या माणसानं एका चौकोनी फ्लॉपीत सगळं भरून दिलं आणि परभणीची वाट दाखवली.

विद्यापीठाचं नामांतर होऊन बाबासाहेबांचं नाव लागलं, त्याला महिना झाला होता. येष्टीत तोच विषय. मी मुंजाजीबाच्या खिशात, फ्लॉपीला खेटून. राहवेना, म्हणून विचारलं, "बाई, तुझ्या पोटात काय हाय?"

"मला कुठं वाचता येतंय?" ती म्हणाली. "मी नुसती वाहते."

परभणीच्या दुकानात सूर्यभान नावाचा माणूस होता. त्याचा कंप्युटर नव्या चालीचा, पडदा रंगीत. कागद बाहेर आला तो काळाभोर. बन्सीधरानं वाचला. "सगळी नावं हायेत. एक बी चूक न्हाई. चला, गाडी गाठू."

मुंजाजीबानं मला बाहेर काढलं.

"बाबा, बैलाला गोंडा करायलाव काय?" सूर्यभान हसला.

"करायचाय की. थांब जरा."

त्यानं सावकाश माझं टोक कागदाच्या कडेला लावलं. वरून खाली नेलं. शेवटच्या ओळीला थांबला. "माझ्या गाठीपाशी कुणीच न्हाई. आन् हे कोण, लिंबाजीच्या पोरांखाली?"

सूर्यभान वाकला. हसू गेलं. "मनकर्णा."

"मंग तलाठी म्हणल, मुंजाजीला लेकरूच न्हाई."

बन्सीधरानं कागद पुन्हा जवळ घेतला. नाव तर त्यानं बरोबरच वाचलं होतं.

मला मोठं नवल वाटलं. नाव तेच, फ्लॉपी तीच, मग माणूस सरकलं कसं? सूर्यभाननं सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं. गंगाखेडच्या जुन्या कंप्युटरात रिकामी जागासुद्धा अक्षराएवढी रुंद. तिथल्या माणसानं रिकाम्या जागा घालघालून मनकर्णाला बापाखाली नेलं. नव्या कंप्युटरात तीच जागा बारीक. सगळ्या आखडल्या. बापाच्या नावामागं जागा थोड्या, म्हणून तो जरासाच सरकला; पोरीमागं नुसत्या जागाच, ती पार डावीकडं घसरली.

मग त्यानं त्या रिकाम्या जागा पुसल्या. फूटपट्टी माझ्या गाठींना लावली आणि त्या मापावर कंप्युटरात निशाणी केली. तिला तो टॅब म्हणत होता. "ही खुंटी समजा, बाबा. खुंटीला बांधलेलं नाव सरकत न्हाई. तरी दुसरीकडं काढलं तं दोरा लावून बघतच जा."

दुसरा कागद आला. मुंजाजीबानं मला लावलं. गाठीच्या नीट खाली मनकर्णा. त्यानं त्या नावावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललंच नाही.

तलाठ्यानं तो कागद घेतला. आता मी मनकर्णाच्या पत्र्याच्या पेटीत असतो, वाख सुटत चाललाय. तुमचा कागद एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला, तर नावं वाचून उठू नका, बाबांनो. कोण कुठं बसलंय, तेही बघा.

त्या दिवशी परतीच्या येष्टीत बन्सीधर शेजारीच बसला होता. गंगाखेड जवळ आलं तसा तो मुंजाजीबाकडं वळला. म्हणाला, "आमच्या घरची वंशावळ दिली, तिच्यात मी थोरल्या बहिणीचं, चांगुणाचं, नावच घातलं न्हाई ओ. उद्या परत परभणीला जाऊ. तुमी बी दोरा घेऊन संगं चला."