नवेपणा काढून मिळेल

हे बघा, आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको. लोकांच्या नव्या, टोचणाऱ्या, चावणाऱ्या वस्तू वापरून मऊ करायच्या आणि वेळेवर परत द्यायच्या, हा माझा धंदा. आजवर एकही वस्तू मी ठेवून घेतलेली नाही. पण मेट्रनबाईंच्या बाबतीत माझं घोडं पेंड खायला लागलं. त्या मला परत द्यायच्या नव्हत्या.

धंदा सुरू झाला तो वेळ नव्हता म्हणून. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, मग लायब्ररी. जो तो सांगायचा, शिकवण्या घे, दुकानात उभी राहा. अहो, उभं राहायला वेळ लागतो! ज्याला वेळच नाही त्याने दुसरं काहीतरी करता करता कमवायला हवं. आता मी दिवसभर काय करते? चालते आणि बसते. मग चालण्याबसण्याचेच पैसे मिळाले तर कुणाचं काय जातंय?

चपलांच्या दुकानातल्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "पाय दाखव." निरखून पाहिला. "बेताचा आहे. नवे बूट चावतात म्हणून गिऱ्हाइकं माझं डोकं खातात. तू आठवडाभर घालून फिर आणि आणून दे." झालं, त्या दिवसापासून डाव्या पायात एका वकिलाचा बूट आणि उजव्या पायात कुणा नवरीची उंच टाचेची सँडल. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. एका चालण्यात दोन गिऱ्हाइकं! मी अशी काही लंगडत चालायचे की वर्गातल्या मुली माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवायच्या. मीही नाही म्हटलं नाही.

मग एका हिशेबनिसाने ऑफिसची नवी खुर्ची दिली. ती मी ढकलत वर्गात नेली. सर म्हणाले, "हे काय आणि?"

"सर, पाठीला टोचते. महिनाभर लागेल."

सरांनी हातातला खडू जरा वेळ फिरवला आणि शिकवायला लागले. तास संपल्यावर मात्र हळूच जवळ येऊन म्हणाले, "चष्मे घेता का हो तुम्ही?" त्यांचा नवा चष्मा चढवून मी अख्खा धडा ऐकला. फळा दिसला नाही, पण काड्या छान सैल झाल्या. खोलीच्या मालकाने नवी कवळी पुढे केली तेव्हा मात्र मी कोपरापासून हात जोडले. धंद्यातसुद्धा काही लाज असते.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना काकांच्या दुकानात एक मुलगी आली. बँकेत कामाला होती. तिने बूट मागितले नाहीत, माझा पत्ता मागितला. मी तिथेच स्टुलावर बसले होते, एका डॉक्टरांच्या नव्या मोज्यांत.

"माझं लग्न ठरलंय," ती म्हणाली. "सासू नवी आहे."

"सासू नवीच असते."

"फार कडक आहे म्हणतात. हॉस्पिटलात मेट्रन होती, आता रिटायर झालीये. तू रोज संध्याकाळी जायचं, माझ्याऐवजी सून म्हणून वावरायचं. लग्नाआधी मऊ करून दे."

मी काकांकडे बघितलं. काका एका टाचेला खिळा मारत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"नवरदेवाला विचारलंत?"

"तो बोटीवर असतो. म्हणाला, बघ जमलं तर. त्याला अजून जमलेलं नाही."

आता मी एवढी काही बावळट नाही. पण तिने जे पैसे सांगितले त्यात माझी परीक्षा होईपर्यंतची सोय होती, आणि वर दर संध्याकाळी चहा फुकट. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी बेल वाजवली. दार उघडलं ते आधी साखळीएवढंच.

"कोण?"

"तुमची सून. म्हणजे तिच्या आधीची."

"आधीची म्हणजे काय?"

"ती यायच्या आधी तुम्हाला जरा वापरून बघायला सांगितलंय."

मला वाटलं, आता दार तोंडावर आपटणार. बाईंनी मला नखापासून केसापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. मलाही सराव नाहीच. चपला बाहेर. पाय धू. आणि हे केस आहेत की काय आहे?"

पाय पुसते न पुसते तोच मला पलंगाशी उभं केलं. चादर घालायची. मला वाटलं, त्यात काय मोठंसं? डोंबल माझं! त्यांच्या घरात चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडावा लागतो, सुरकुती दिसली की चादर ओढून खाली. त्या संध्याकाळी मी एकच चादर घालत बसले. मधेच म्हटलं, "आई, थोडं पाणी..."

"आई म्हणू नकोस. माझी मुलगी असतीस तर आधी वेणी घालायला शिकवलं असतं. मेट्रनबाई म्हण."

मला त्या कधी नावाने हाक मारायच्या नाहीत. "ए कॉलेज!" म्हणायच्या. खालच्या मजल्यावरही ऐकू जायचं.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. बूट मऊ करायचे तर आधी तेल लावतात. मी लावलं. "मेट्रनबाई, तुमचा चहा म्हणजे काय सांगू!" त्या म्हणाल्या, "चहा तूच केलायस. पाणचट झालाय." काकांकडे रडगाणं नेलं तर काका म्हणाले, "आतून ओले कागद कोंब."

"कुठे?"

"ते तुझं तू बघ."

बँकवाली रोज फोन करायची. "किती झाली मऊ?" मी म्हणायचे, "होतेय, होतेय. टाचेकडे जरा कडक आहे." खरं तर टाच काय नि पंजा काय, इंचभर फरक नव्हता. बिस्किटाचा कण जमिनीवर पडला तर अर्धा तास व्याख्यान. नखं बघायच्या. डबा उघडून दुपारचं किती टाकलं ते बघायच्या. पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारायच्या आणि विषयातलं ओ की ठो कळत नसताना, माझं उत्तर ऐकून म्हणायच्या, "चूक."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू छताकडे बघून बोललीस."

उघडून बघितलं तर चूकच असायचं. नाकी नऊ आणले त्या बाईने! मी रोज जिना उतरताना ठरवायचे, उद्या नाही यायचं. गेले पैसे खड्ड्यात.

मग एकदा प्रॅक्टिकल लांबलं. काचेची नळी फुटली, सगळ्यांना थांबवून ठेवलं. फोनची बॅटरी संपलेली. मी पोचले तर मेट्रनबाई खाली फाटकाशी उभ्या, हातात टॉर्च, उजेड असूनसुद्धा. मला बघितलं आणि जी सुरुवात केली! पलीकडच्या गॅरेजमधला माणूस गाडीखालून बाहेर आला.

"घड्याळ कळतं का तुला? मेलीस की जिवंत आहेस हे मला कुणी सांगायचं? कुठे विचारू मी? तुझं नावसुद्धा माहीत नाही मला, कॉलेज म्हणून काय पोलिसात जाऊ?"

मलाही आला राग. सगळ्यांसमोर! मी तणतणत वर गेले, तणतणत चादर घातली आणि तणतणत खोलीवर आले. पलंगावर बसले आणि मग काय झालं कोण जाणे, मला रडायलाच आलं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. बाबा फोनवर "बरी आहेस ना" विचारतात आणि मी उत्तर द्यायच्या आत "बरं" म्हणून ठेवतात. खोलीचा मालक माझी वाट बघतो ती फक्त भाडं द्यायच्या दिवशी. मी यायला उशीर केला म्हणून फाटकाशी येऊन थांबेल असं माझं कुणीच उरलं नव्हतं, आणि हे इतकी वर्षं माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या आधी पोचले. मेट्रनबाई म्हणाल्या, "लवकर येऊन उपकार केलेस का?" आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नेमका तेव्हाच बँकवालीचा फोन आला. "रविवारी मी स्वतः येऊन बघणार. मऊ झाली असेल तर तुझं काम संपलं, पैसे घे आणि मोकळी हो. पुन्हा तिथे जायचं नाही बरं का, नाहीतर तिला तुझीच सवय लागेल. आणि झाली नसेल तर मी सरळ लग्न मोडणार."

मऊ म्हटलं तर माझं घर जातं, कडक म्हटलं तर एका बोटीवरच्या माणसाचं लग्न जातं. शनिवारी मी मेट्रनबाईंना सांगितलं, "उद्या ती येणार आहे. बघायला."

"येऊ दे."

"तुम्ही कशा वागणार?"

"जशी वागते तशी. तुला काय करायचंय? कोपरा बघ तो, कसा लोंबतोय."

मी कोपरा नीट केला आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, उद्या हिने तिला असं झाडावं की ती पुन्हा या जिन्यावर पाऊल ठेवणार नाही. म्हटलं खरं. लाज वाटली, पण मागे घेतलं नाही.

रविवारी बँकवाली आली. मेट्रनबाईंनी दार उघडलं, साखळी न लावता. अंगावर इस्त्रीचे कपडे, आणि चेहऱ्यावर... मी आधी ओळखलंच नाही. हसत होत्या.

"या, या! दमला असाल. असू द्या हो चपला, आतच येऊ द्या."

चपला आत! मी भिंतीला टेकले. बँकवालीने मला डोळा मारला आणि परीक्षा सुरू केली. ती त्या पाकिटासारख्या पलंगावर धपकन बसली. मेट्रनबाई म्हणाल्या, "पाय वर घेऊन बसा ना निवांत." तिने बिस्किटाचा चुरा केला. "राहू द्या हो, होईल ते साफ." शेवटी तिने कप तिरपा केला आणि चादरीवर चहा सांडला. मुद्दाम. मी बघितलं. मी श्वास रोखून थांबले, आता, आता होतोय स्फोट.

मेट्रनबाई म्हणाल्या, "अगंबाई! भाजलं नाही ना तुम्हाला?"

तोंडात मारल्यासारखी उभी राहिले मी. एवढा गोडवा त्या बाईच्या अंगात होता आणि मला त्यातला थेंबभरही मिळाला नव्हता. चादरी मी घातल्या, बोलणी मी खाल्ली, आणि माया सगळी तिच्या वाट्याला. इतका राग आला, इतका राग आला, की तो सांडलेला चहा मला तिच्या डोक्यावर ओतावासा वाटला. आणि रागावून तरी काय करणार? हेच तर काम होतं माझं. आपण घालून फिरायचं आणि दुसरीच्या पायात द्यायचं.

जिन्यात बँकवालीने माझा हात धरला. "अगं, कमाल केलीस! लोणी झालंय लोणी! मी उगाच घाबरले होते." तिने पैसे दिले, जास्तच दिले. "आता उद्यापासून येऊ नकोस हं. थँक यू." आणि गेली खाली टकटक करत.

मी पिशवी घ्यायला आत आले. मेट्रनबाई चादर ओढून काढत होत्या. मी म्हटलं, "येते मी."

"कुठे?"

"काम संपलं. तुम्ही पास झालात."

"मग? मी पास झाले, तू कुठे झालीस? परीक्षा कधी आहे तुझी?"

"मेट्रनबाई, तिने यायचं नाही म्हणून सांगितलंय."

चादर हातात तशीच धरून त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "ती सून आहे माझी. परक्याची मुलगी. तिच्याशी मला जन्मभर असं जपून बोलायचंय, कळतंय का? आज एका तासात माझे गाल दुखायला लागले. घरात एक तरी माणूस नको का, ज्याच्यावर मला मोकळेपणाने ओरडता येईल?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"आणि पैसे मी देणार नाही. पैसे देऊन बोलणी ऐकायला माणूस ठेवणाऱ्यांतली नाही मी."

"मी मागितले का?" मी म्हटलं, आणि मला हुंदकाच आला, चांगला मोठा.

"रडतेस काय? चादरीला डाग पडलाय, तो कोण काढणार? गार पाण्यात घाल. गरम नाही, गार! आणि अजून नाव नाही सांगितलंस, सगळं मी विचारायचं का?"

मी चादर बादलीत घालून नळ सोडला आणि परत येऊन नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, मान हलवली, आणि मग त्याच नावाने इतक्या जोरात ओरडल्या की गॅरेजवाल्याने खालून "काय झालं?" म्हणून विचारलं.

"नळ!" त्या ओरडल्या. "नळ चालू ठेवलास!"