गच्चीवरची खारी माती

मार्चमध्ये शाळेच्या स्वयंपाकघरातलं माझं काम सुटलं. अठरा वर्षं मी तिथे सातशे पोरांचा भात शिजवला, पण अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मिरचीचं एक रोप कधी लावलं नव्हतं. माझा जन्म इंचन शहरातल्या बंदराजवळचा. भाजी बाजारातून येते, एवढंच मला ठाऊक. काम गेलं त्याच महिन्यात लेट्यूसचे भाव असे चढले की मांस एकवेळ परवडेल, पण ते गुंडाळून खायचं पान परवडणार नाही, अशी गत झाली. म्हटलं, पानच तर आहे. आपण लावू.

आमची इमारत चार मजल्यांची, आठ बिऱ्हाडांची. मी दोनशेएकमध्ये एकटी राहते. गच्ची सगळ्यांची, असं कागदावर लिहिलेलं. प्रत्यक्षात ती चारशेदोनच्या थाकबाईंची. एकाहत्तर वर्षांच्या या बाईने दक्षिणेच्या कोपऱ्यात चार मोठे मातीचे रांजण मांडून ठेवले होते, वीस वर्षांपासून. त्यात सोयाबीन आंबवून केलेली देनजांग मुरत असायची. ऊन पडलं की ती झाकणं काढायची, ढग आले की लावायची. गच्चीचा नळसुद्धा तिचाच असल्यासारखा. मी पहिल्यांदा पेट्या घेऊन वर गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या नळाची मूठ गायब झाली.

पेट्या म्हणजे मासळीबाजारात फुकट मिळणारे थर्माकोलचे खोके. सहा आणले. विकतची माती परवडेना, म्हणून एकच पोतं घेतलं आणि बाकीची माती खालच्या गल्लीत पाडलेल्या घराच्या जागेवरून बाजाराच्या ढकलगाडीतून आणली. चौथ्या खेपेला थाकबाई जिन्यात उभी.

"दोनशेएक, अर्धी गल्ली वर चढवलीस. उरलेली उद्या का?"

"भाजी लावतेय, ताई."

"माशांच्या खोक्यात? मांजरांची जत्रा भरेल."

"धुऊन घेतलेत."

"बघू की," ती म्हणाली आणि जिन्यातून जरासुद्धा बाजूला झाली नाही. मी माती घेऊन तिच्या अंगाला घासून वर गेले.

एप्रिलच्या मध्यावर मिरचीची आठ रोपं आणि लेट्यूसची वीस रोपं लावली. नळ बंद, म्हणून घरातून तीन मजले चढून बादलीने पाणी नेलं. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा वाया घालवलं नाही. दहा दिवसांत मिरच्या काळ्या पडून आडव्या झाल्या. लेट्यूस पिवळं होऊन कुजलं. मी एक पेटी उचलून बघितली तर आत पाणी डबडबलेलं. खाली भोकं पाडायला मी विसरले होते. विसरले कसली, पाडायची असतात हेच माहीत नव्हतं.

थाकबाई रांजण पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मेच्या आधी मिरची कोण लावतं? आणि खोक्याला भोक नको?"

"तुम्ही रोज बघत होतात. आधी सांगायचं."

"मला विचारलंस का?"

त्या दिवसापासून मी तिला नमस्कार करायचं सोडलं. जिन्यात दिसली तर मी मोबाईलकडे बघायची. ती मोठ्याने घसा खाकरायची.

मे महिन्यात पुन्हा लावलं. या वेळी पेचकसाने प्रत्येक खोक्याला भोकं पाडली आणि रोपवाल्याला नीट विचारून रोपं आणली. लेट्यूस धरलं. मिरचीला पांढरी फुलं आली. रोज सकाळी उठल्याउठल्या मी चपला अडकवून वर जायची आणि पानं मोजायची. पहिली दहा पानं तोडली त्या दिवशी एकटीनेच जेवायला बसले, पण ताट नीट मांडून. पानात भात, वर लसूण, भाजलेला मांसाचा तुकडा. इतकं चवीने मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते.

खत मात्र विकत आणायचं नव्हतं. ओला कचरा आमच्याकडे वजनावर पैसे भरून टाकावा लागतो. मी विचार केला, तोच मातीत घातला तर कचऱ्याचे पैसेही वाचतील आणि खताचेही. मग मुरवलेल्या कोबीची उरलेली किमची, तिचा रस, रश्शाचा गाळ, सुक्या माशांची डोकी, सगळं पेट्यांमध्ये पुरायला लागले. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. मिरचीची फुलं गळाली. पाणी वाढवलं तरी रोपं माना टाकून उभी. मग एका सकाळी मातीवर पांढरा थर दिसला. बोटाने उचलून जिभेवर ठेवला. मीठ.

माझं डोकं फिरलं. गच्चीवर मिठाची गोणी ठेवणारी एकच बाई होती. मी तशीच चौथ्या मजल्यावर उतरून तिचं दार वाजवलं.

"माझ्या रोपांना मीठ घातलंत तुम्ही."

थाकबाईच्या हातात लसूण होता. तिने माझ्याकडे वरून खाली बघितलं. "माझं मीठ तीन वर्षं निथळवलेलं आहे. कडूपणा गेलेलं. ते तुझ्या पाल्यावर उधळू?"

"मग कुणी घातलं? वर तुमच्याशिवाय जातं कोण?"

"तू जातेस की."

"लाज वाटत नाही या वयात?"

तिने लसणाची एक पाकळी सोलली. "ओरडून झालं असलं तर दार लावते. मुरवण बघायचंय मला."

दार लागलं. तीनशेएकची बाई जिन्यात येऊन ऐकत होती, तीही आत गेली. मी खाली आले. तिने नाही म्हटलं नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. तिने सरळ नाही म्हटलं असतं तर कदाचित पुढचं झालं नसतं, असं मी नंतर स्वतःला बरेचदा सांगितलं. ते खरं नाही. मी ठरवून बसले होते.

जूनअखेर थाकबाई तीन दिवस बहिणीकडे गांगनुंगला गेली. जाताना झाकणं लावून, वर दगड ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्राकडून काळं आभाळ चढायला लागलं. बातम्यांत पावसाळी पट्टा आल्याचं सांगत होते. मी वर गेले. आधी माझ्या वाळक्या पेट्या बघितल्या. मग दक्षिणेच्या कोपऱ्यात गेले, दोन रांजणांवरचे दगड उतरवले, झाकणं काढली आणि कठड्याला टेकवून ठेवली. आत गडद, तांबूस, घट्ट देनजांग होती. वास छान होता, हे मला आठवतं. मी नाक दाबलं नाही.

घरी येऊन खिडकीपाशी बसले. तासाभरात पाऊस आला. पत्र्यावर, तारांवर, गल्लीतल्या छत्र्यांवर बदाबद पडत राहिला. अजून वर जाऊन झाकणं लावता आली असती. पहिल्या अर्ध्या तासात तर काहीच बिघडलं नसतं. मी बसून राहिले. पाऊस दोन दिवस पडला.

थाकबाई परत आली तेव्हा रांजणांत वरपर्यंत पाणी होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. ती ओरडली नाही. मी दाराआड कान लावून होते. तिची पावलं वर गेली, मग खाली आली. मग दिवसभर वरखाली. ती मोठ्या पळीने देनजांग बादलीत काढून, जिना उतरून कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. एकाहत्तर वर्षांची बाई, चार मजले, मी मोजल्या त्या एकोणीस खेपा. नंतर मी मोजणं थांबवलं.

संध्याकाळी जिन्यात तीनशेएकच्या बाईने तिला विचारलं, "ताई, हे झालं कसं?"

मी तेव्हाच कचरा घेऊन बाहेर पडले होते. थाकबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "वारा. या इमारतीतला वारा फार व्यवस्थित आहे. दगड उतरवतो, झाकण काढतो, कठड्याला टेकवून ठेवतो."

तीनशेएक हसली नाही. मी कचरा घेऊन खाली उतरले.

ऑगस्टच्या शेवटी मी रोपवाल्याकडे शरदातल्या लेट्यूसचं बी घ्यायला गेले. जुनी रोपं कशी मेली ते सांगितलं. शेजारणीने मीठ घातलं, असं म्हणाले.

तो बिया मोजता मोजता थांबला. "खत काय घालत होतात?"

"विकतचं नाही. घरचंच. किमचीचा रस, रश्शाचा गाळ."

"पाण्यात धुऊन?"

"धुवायचं कशाला? सगळा कस निघून जाईल."

तो कंटाळल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. दिवसातून दहा जणांना हेच सांगत असावा. "आजी, रोज वाटीभर खारं तुम्हीच ओतत होतात. शेजारीण कशाला हवी? आता पाऊस एवढा झालाय की मीठ धुऊन गेलं असेल. माती चाखून बघा आणि पेरा."

घरी आल्यावर मी माती चाखली. खारट नव्हती. ज्या पावसाने तिची देनजांग नासली, त्याच पावसाने माझी माती धुऊन दिली होती. मी त्या खोक्यांपाशी उकिडवी बसले आणि पाय बधिर होईपर्यंत उठले नाही.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चारशेदोनचं दार वाजवलं.

"झाकणं मी काढली," मी म्हणाले. "मीठ तुम्ही घातलं नव्हतं. माझ्याच किमचीचं होतं."

थाकबाई दारातच उभी राहिली. "ठाऊक आहे."

"झाकणांचं?"

"दोन्ही. किमचीचा रस ओतताना तुला मी कितीदा पाहिलं. म्हटलं, आता हिची रोपं जळणार."

मला वाटलं होतं मी रडेन. उलट संताप आला. "पाहिलंत, तर सांगितलं का नाही?"

"का सांगू? माझ्या अंगाला माती घासत गेलीस तेव्हा तू काय बोललीस? पेट्या मांडताना मला विचारलंस?"

"एक शब्द बोलला असतात तर हे काहीच झालं नसतं."

"नसतं झालं," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या एका शब्दाने तुझी भाजी वाचली असती. मी तो दिला नाही. त्याचं माझं मी बघेन. पण त्यासाठी तू तीन वर्षांची देनजांग पावसात उघडी टाकलीस. त्याचं तू बघ."

मी भरपाई द्यायचं म्हणाले. तिने हात झटकला. "बाजारची घेऊन काय करू? डिसेंबरमध्ये सोयाबीन शिजवायचेत. नेहमीच्या दुप्पट. माझे खांदे गेलेत. सकाळी सातला यायचं. आणि बडबड नको."

सप्टेंबरच्या शेवटी नवं लेट्यूस तोडणीला आलं. खत म्हणून घरचाच कचरा घातला, पण तीन पाण्यांनी धुऊन. पानं तळहाताएवढी झाली, कुरकुरीत, कडा लालसर. एवढी आली की एकटीला संपेनात. एक जुडी बांधून मी चारशेदोनच्या दाराच्या मुठीला अडकवली. संध्याकाळी तीच जुडी माझ्या दाराच्या मुठीला. दुसऱ्यांदा अडकवली, दुसऱ्यांदा परत आली. तिसऱ्यांदा मी अडकवली नाही.

डिसेंबरमध्ये मी गेले. तिच्या छोट्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं, बाहेर बर्फ, आत वाफ. सोयाबीन निवडले, भिजवले, सहा तास ढवळले, गरम गरम कुटले, त्या लगद्याच्या विटा थापल्या, गवताने बांधून टांगल्या. माझी प्रत्येक गोष्ट चुकत होती.

"एवढं जोरात कुटू नकोस. पोरांची शाळा नाही ही."

"दाणे राहिले तर?"

"राहू देत. दाण्यानेच चव येते."

दुसऱ्या दिवशी माझ्या बोटांना फोड आले. तिने मलमाची डबी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली. जेवायला दोन ताटं वाढली, एक स्वतःसमोर आणि एक माझ्यासमोर. आम्ही जेवलो. मला त्या बाईबद्दल माया वाटली नाही. तिलाही माझ्याबद्दल वाटली असेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या दिवशी शेवटची वीट बांधून झाल्यावर मी विचारलं, "आता खायला कधी होईल?"

"फेब्रुवारीत मिठाच्या पाण्यात घालायच्या. मग मुरायला ठेवायच्या. माझ्या गेलेल्या देनजांगीच्या चवीला यायला तीन वर्षं."

"म्हणजे पुढच्या डिसेंबरलाही यायचं?"

"त्याच्या पुढच्याही," थाकबाई म्हणाली आणि फडक्याने टेबल पुसायला लागली. "आज सात वाजून दहा मिनिटांनी आलीस. फेब्रुवारीत वेळेवर ये."