विमान यायच्या आदल्या दिवशी

मोसेलाला विमान यायच्या आदल्या दिवशीच ऐकू यायचं. मी हे गावातून ऐकलं तेव्हा मनावर घेतलं नाही. आमच्या डोंगरांत आवाज कसेही फिरतात. पलीकडच्या कड्यावर कुणी गाढव हाकललं तर दवाखान्याच्या मागेच कुणीतरी ओरडतंय असं वाटतं. पण एके सकाळी पोर माझ्याच नळावर बादली भरत होती आणि एकदम थांबली. पाणी बादलीवरून वाहायला लागलं. ती दरीकडे तोंड करून उभी होती, मान जराशी वाकडी. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "आलं." आभाळात घारसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी घोड्यावरून पडलेल्या एका माणसाला न्यायला विमान आलं. तो माणूस परत आला तो पेटीतून.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आधीची दोन भावंडं गेली म्हणून तिचं पूर्ण नाव मोसेलान्त्जा ठेवलेलं. म्हणजे कुत्र्याचं शेपूट. असल्या नावाच्या पोराकडे मरण वळून बघत नाही म्हणतात. आईलाही विमानानं नेलं होतं आणि आईही परत आली नव्हती. ती आजीजवळ राहायची.

आमच्या थाबानेंगला विमान म्हणजे असंच होतं. डोंगराच्या माथ्यावर एक मातीची धावपट्टी, तिचं एक टोक सेंकू नदीच्या कड्यावर संपायचं. उडताना विमान त्या टोकावरून खाली पडायचं, दिसेनासं व्हायचं, आणि पुष्कळ वेळानं दरीतून वर यायचं. मी पंधरा वर्षं इथे नर्स आहे, तरी तेवढा वेळ मला श्वास घेता येत नसे. बाया तर बाळंतपण अडलं तरी विमानात चढायला तयार नसत. त्यातून ही पोर. तिचं ऐकू येणं तिसऱ्यांदा खरं ठरल्यावर लोकांनी तिला दारात उभं करणं सोडलं.

तिची आजी एक दिवस माझ्याकडे आली. पोरीला पूर्वज बोलावताहेत, म्हणाली, तिला वैद्याकडे नेऊन पांढरे मणी बांधायचे, आणि एकदा नेलं की तीन-चार वर्षं ती त्याची विद्या शिकत तिथेच राहणार. मी म्हटलं, "नखोनो," आजीला आम्ही तसंच म्हणतो, "आधी मला दर रविवारी दे तिला. थोडे महिने. मग तुझं तू बघ."

मला पूर्वजांशी भांडायचं नव्हतं. माझ्या एका मैत्रिणीनं, ती राजधानीत, मासेरूला, शिक्षिका आहे, मला एका पेन ड्राइव्हवर सिनेमे भरून दिले होते, सगळे विमान चालवणाऱ्या बायकांचे. पोटुशा बायांची भीती जावी म्हणून मी ते मागवले होते. दवाखान्याजवळ एक खोली आहे, दिवस भरत आलेल्या बाया तिथे येऊन राहतात. दुपारी आम्ही खिडक्यांवर आमची पांघरायची घोंगडी टांगायचो, भिंतीवर चादर लावायचो आणि लॅपटॉप सुरू करायचो. एका सिनेमात बर्फावरून टपाल नेणारी म्हातारी होती. एकात लढाईच्या काळातल्या मुली होत्या, तेल माखलेल्या, सारख्या हसणाऱ्या. एकात आमच्यासारखीच काळी, बारीक वेण्या घातलेली एक बाई वाळवंटावरून औषधं नेत होती.

बाया हसल्या, एकमेकींना कोपरं मारली, त्या बाईच्या पँटवर बोलल्या. मोसेला दाराजवळ बसली होती. ती पडद्याकडे न बघता जमिनीकडे बघत ऐकत होती. तिसऱ्या रविवारी तिनं मान वर केली. सिनेमा संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "म्मे," मोठ्या बाईला आमच्याकडे सगळे आईच म्हणतात, "आत माणूस असतो."

मी म्हटलं, असतोच की.

"मला वाटायचं ते आपलं आपणच येतं."

त्यानंतर ती बदलली. तोच प्रसंग दहादा लावायला सांगायची: वेण्यांवाली बाई इंजिन सुरू करते, डोकं जरा तिरकं करून ऐकते आणि समोरच्या तबकड्यांतल्या एका काट्यावर बोटानं टिचकी मारते. मोसेलानं चुलीच्या कोळशानं दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर सगळे काटे काढले. एका काठीला प्लास्टिकची पट्टी बांधून ती धावपट्टीवर वारा बघत बसायची. आवाज अजून ऐकू यायचा, पण आधी ती कान झाकून घ्यायची, तसं आता करत नव्हती. आज आवाज जड आहे, आज दोघं आहेत, असं सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी विमानातून दोघं उतरायची. आजीनं मण्यांचा विषय काढला नाही.

एका रविवारी मधेच लॅपटॉपची बॅटरी संपली. चादर काळी झाली. खोलीत अंधार, घोंगड्यांच्या कडेनं थोडा उजेड, आणि इंजिनाचा आवाज चालूच. कुणी हललं नाही. आवाज आमच्या डोक्यावरून दरीकडे गेला आणि विरला. मी बाहेर धावले. निळं कोरं आभाळ, उन्हात झोपलेली कुत्री. आत आले तेव्हा बाया भिंतीला चिकटून बसल्या होत्या, आणि मोसेला काळ्या चादरीकडे बघत होती. सोमवारी विमान आलं.

म्हणून जून महिन्यात, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, जे झालं तेव्हा मी तिला उडवून लावू शकले नाही.

मंगळवारी दुपारी ती धावत आली. तोंड राखेसारखं झालं होतं. म्हणाली, "येत होतं. दरीवर आलं आणि मधेच बंद पडलं."

"लांब गेलं असेल."

"लांब जाताना बारीक होतं, म्मे. हे तुटलं."

बुधवारी सकाळी माटेबोहोच्या कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. आमच्याकडे लग्नातच सासरचे सुनेला होणाऱ्या मुलाच्या नावानं हाक मारायला लागतात. दोन वर्षं ती माटेबोहो, म्हणजे टेबोहोची आई होती आणि टेबोहो आता यायचा होता. बाळ आडवं होतं. हात आधी बाहेर आला. ऑपरेशनशिवाय बाळ वाचायला मार्ग नव्हता. मी वायरलेसवर मासेरूला कळवलं. पलीकडे बाईचा आवाज आला. नवीन पायलट होती, कॅप्टन पुलेंग. चाळीस मिनिटांत पोचते, म्हणाली; फक्त पट्टी कशी आहे ते विचारलं.

किती दिवस मी म्हणत होते, एकदा तरी बाई पायलट यावी आणि पोरीनं तिला बघावं. मी खिडकीतून बघितलं. मोसेला पट्टीच्या टोकाला, कड्याजवळ उभी होती. पट्टी कोरडी खडखडीत.

मी म्हटलं, "पट्टीवर बर्फ आहे. येऊ नका."

तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

जिल्ह्याच्या गाडीला घाटातून यायला चार तास लागले आणि न्यायला चार. मी सोबत गेले. माटेबोहो वाचली. टेबोहो गाडीतच जन्मला आणि एकदाही रडला नाही. तेच विमान त्या दिवशी दुसऱ्या दोन गावांना जाऊन सुखरूप परत आलं.

तीन आठवड्यांनी कॅप्टन पुलेंग लसी घेऊन आली. तिशीची असेल, ठेंगणी, गालावर खळी. माझ्याकडे चहा पीत बसली. त्याच्या आदल्या दिवशी मोसेला काही बोलली नव्हती. मी तिला विचारलंही नव्हतं. ती दारात आली, नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "आवाज मधेच बंद पडला तर तुम्ही काय करता?"

पुलेंग हसली नाही. कप खाली ठेवला. "नाक खाली करते, म्हणजे वेग टिकतो. मग उतरायला जागा शोधते. विमान लगेच पडत नाही, ते तरंगत राहतं. तुमच्या दरीवर असले तर नदीकाठची वाळू गाठेन, किंवा जमलं तर वळून इथेच येईन. आम्हाला हेच सगळ्यात जास्त शिकवतात."

"म्हणजे आवाज बंद झाला म्हणजे संपलं नाही?"

"नाही. तेव्हा तर काम सुरू होतं."

माझ्या हातातली किटली मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही.

विमान गेल्यावर मोसेला माझ्याकडे आली. "त्या दिवशी बर्फ नव्हता, म्मे." मी तिला सगळं सांगितलं, खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. तिनं ऐकून घेतलं आणि निघून गेली. पाच रविवार आली नाही. मला वाटलं गेली ती मण्यांकडे. सहाव्या रविवारी येऊन तिनं स्वतःच खिडक्यांवर घोंगडी टांगली.

"मला नुसतं ऐकू येतं," ती म्हणाली. "त्यांना काटा दिसतो, पट्टी दिसते. मला तिथे बसायचंय." पुढे तिला काही ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. मला तरी तिनं पुन्हा कधी सांगितलं नाही.

तिच्या शिक्षणाची गोष्ट लांबलचक आहे. मासेरूची शाळा, पुलेंगची मदत, दोनदा नापास, मग दक्षिणेकडे प्रशिक्षण. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा एकटीनं आमच्या पट्टीवर उतरली. अख्खं गाव माथ्यावर जमलं होतं. आजीनं तिच्या खांद्यांवर नवं घोंगडं घातलं. बाया तिच्या पँटवर बोलल्या. मला मात्र गर्दीत माटेबोहो दिसत होती, सगळ्यांच्या मागे, हात छातीशी बांधून. पुढे तिला मूल झालं नाही. गाव अजून तिला टेबोहोची आईच म्हणतं.

दुसऱ्या दिवशी मी माटेबोहोच्या घरी गेले. ती अंगणात मका सोलत होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं, काय ऐकलं होतं, कुणाकडून, आणि मी वायरलेसवर काय बोलले.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मला माहीत होतं. मी खाटेवर आडवी होते, लिपुओ. खिडकीतून अख्खं आभाळ दिसत होतं."

नऊ वर्षं ती दर महिन्याला माझ्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन जात होती.

मी माफी मागितली. तिनं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि केलं नाही असंही नाही. पोरीला यातलं माहीत आहे का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं मान हलवली, एक कणीस माझ्याकडे सरकवलं आणि बसायला सांगितलं.

"गाडीत तू त्याला गुंडाळलंस," ती म्हणाली. "मला दाखवला नाहीस. कसा होता?"

मी कणीस हातात घेतलं आणि सांगायला लागले. केस खूप होते, ओले, कपाळावर उतरलेले. कान तिच्या नवऱ्यासारखे, बाहेर आलेले. उजव्या हाताची मूठ मिटलेली, आणि ती मला उघडता आली नाही.